आडवा घरमालक

क्लाइव्ह टकवेल बूट न काढताच आत आला. दारात तेलेसियाच्या म्हाताऱ्या आईच्या सपाता, तिचे स्वतःचे ड्यूटीचे काळे बूट, पावसाळी जोडे, सगळं भिंतीला धरून ओळीने लावलेलं होतं. आंधळ्यालाही कळलं असतं. पण टकवेलचं म्हणणं असं, की घर त्याचं, आणि स्वतःच्या घरात माणूस वाटेल तसा चालतो.

"गालिचा मी कालच धुतलाय," तेलेसिया म्हणाली.

"गालिचाही माझाच आहे," टकवेल म्हणाला आणि हत्यारांची पेटी खळखळवत स्वयंपाकघरात शिरला.

टीटाही बे या किनाऱ्यावरच्या वस्तीत, टेकडीवरचं हे लाकडी घर. समुद्राचा वारा दिवसरात्र खिडक्या खडखडवायचा. तेलेसिया इथे आपल्या आईबरोबर, लेसीएलीबरोबर, राहायला आली त्याला आता बरीच वर्षं झाली होती. नवरा ब्रिस्बेनला रस्त्याच्या कामावर. सुट्टी मिळाली की यायचा. तेलेसिया शेजारच्या पोरीरुआ शहरात बस चालवायची. दारू पिऊन चढणारे, सुटे पैसे फेकणारे, 'तुझ्या बेटावर परत जा' म्हणणारे, असे नाना नमुने तिने आरशातून पाहिले होते आणि योग्य त्या थांब्यावर उतरवलेही होते. टकवेलला मात्र उतरवायची सोय नव्हती. घर त्याचं होतं.

भांडण डिशवॉशरचं होतं. हिवाळ्यापासून ते यंत्र भांडी धुवायचं, पण धुतलेलं पाणी बाहेर टाकायचं नाही. दार उघडलं की तळाशी राखाडी पाण्याचं डबकं आणि कुजका वास. तेलेसियाने आधी नीट सांगितलं, मग दोनदा फोन केला, मग लेखी कळवलं. प्रत्येक वेळी टकवेलचं एकच उत्तर: "तुम्ही लोक भात खाता. भात नळीत जातो. मी काय करू?" शेवटी तिने भाडेकरूंच्या तक्रारी ऐकणाऱ्या ट्रिब्युनलचं नाव काढलं, तेव्हा तो शनिवारी दुपारी येतो म्हणाला. स्वतः. कारागिराला पैसे देणं त्याच्या रक्तातच नव्हतं. पंचाहत्तरी ओलांडली तरी आपल्या सगळ्या घरांचे नळ, कौलं, कुंपणं तोच ठोकायचा, आणि त्याने ठोकलेलं सगळं थोडं तिरकं असायचं.

ओट्यापाशी लेसीएली अळूची पानं निवडत बसली होती. तिने मान लववून टकवेलला टोंगनमध्ये, आपल्या बेटावरच्या भाषेत, काहीतरी म्हटलं.

"काय म्हणते?"

"या, बसा, म्हणते."

"बसायला नाही आलो मी." त्याने यंत्राचं दार उघडलं आणि नाक मुरडलं. "देवा! जगता कसे तुम्ही या वासात?"

"तेच तर मी हिवाळ्यापासून विचारतेय तुम्हाला."

तो गुडघ्यांवर बसला. बसताना 'हुं' असा आवाज त्याच्या तोंडून निघाला, तो त्याने खोकल्यात लपवला. खालची जाळी ओढून काढली, मगाने पाणी उपसून बादलीत टाकलं, मग तळाची गाळणी फिरवून वर काढली आणि उजेडात धरली. गाळणीत भाताची काही शितं होती.

टकवेलचा चेहरा असा उजळला की जणू सोनंच सापडलं.

"हे काय? हे काय आहे?"

"भात."

"भात! बघा, स्वतःच्या तोंडाने म्हणते." त्याने खिशातून फोन काढला, गाळणी जमिनीवर ठेवली आणि वरून, बाजूने, जवळून फोटो काढू लागला. "हे ट्रिब्युनलला दाखवतो मी. भाडेकरूने केलेलं नुकसान. मग बघू कोण कोणाला नोटीस देतं ते."

"गाळणी असते कशाला? शितं अडवायलाच ना? अडली शितं. मग पाणी का नाही जात?"

"कारण बाकीचा भात पंपात गेलाय, बाई! पोतंभर असेल आत."

"मग काढा पोतं. मीही बघते."

तेलेसिया फ्रिजला टेकून, हातांची घडी घालून उभी राहिली. त्याला वाटलं होतं ती वरमेल. ती वरमली नाही म्हटल्यावर त्याला हातातलं काम पुरं करणं भाग पडलं. त्याने खालची पट्टी काढली, ओट्याला मारलेले दोन स्क्रू सोडवले, आणि यंत्राच्या कडा दोन्ही हातांनी धरून ते पुढे ओढायला लागला. यंत्र हललं नाही.

"मी धरू एका बाजूने?"

"लांब राहा. काही मोडलं तर म्हणशील त्यानेच मोडलं."

तो दात आवळून ओढू लागला. यंत्र एक हिसका देऊन हातभर बाहेर आलं, त्यातलं थोडं पाणी जमिनीवर सांडलं, आणि त्याच क्षणी टकवेलच्या तोंडून एक बारीक, लहान मुलासारखी किंकाळी निघाली. तो आधी एका कुशीवर कलला, मग पाठीवर उताणा पडला. पाय यंत्राच्या बाजूला, डोकं टेबलाखाली, आणि डोळे छताला लागलेले.

"क्लाइव्ह?"

"हात लावू नकोस."

"काय झालं?"

"पाठ. पाठ धरली. हात लावू नकोस म्हणतो ना!"

खरं सांगायचं तर तेलेसियाला त्या क्षणी बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं. हिवाळाभर हा माणूस तिच्या तोंडावर फोन आपटत होता, आणि आता तो तिच्याच स्वयंपाकघरात, तिच्याच खरकट्या पाण्यात पडला होता. पण मग तिने त्याच्या ओठांकडे पाहिलं. ते पांढरे पडले होते. हा इथेच मेला तर लोक काय म्हणतील ते तिला लगेच ऐकू आलं, आणि तिने रुग्णवाहिकेला फोन लावला.

फोनवरच्या बाईने शांतपणे प्रश्न विचारले. श्वास चालू आहे का? छातीत दुखतं का? पाय हलवता येतात का?

"विचारतात, पाय हलतात का."

"तिला सांग हे तिचं काम नाही."

"पायांची बोटं हलव मेल्या!" तेलेसिया ओरडली. आजवर तिने त्याला 'तुम्ही' सोडून कधी काही म्हटलं नव्हतं.

बोटं हलली. बाई म्हणाली, जिवाला धोका दिसत नाही, गाड्या सगळ्या बाहेर आहेत, वेळ लागेल, त्याला ऊब द्या आणि उठवू नका.

"किती वेळ?"

"सांगता येत नाही. पण बराच."

तेलेसियाने फोन ठेवला आणि टकवेलला सांगितलं. तो छताकडे बघत म्हणाला, "मी कर भरतो या देशात."

"मीही भरते. माझ्याकडेही नाही येत गाडी लवकर."

तिने आधी भिंतीवरचं यंत्राचं बटण बंद केलं, मग फडक्यांनी त्याच्या आजूबाजूचं पाणी पुसलं. शर्ट पाठीखाली भिजला होता. तो कुडकुडायला लागला. लेसीएली हातातली पानं ठेवून उठली आणि न बोलता आतून आपलं जाड पांघरूण घेऊन आली. पांघरूण घालताना तिने त्याच्या कपाळाला हात लावला, मान हलवली, आणि पुन्हा आत जाऊन तेलाची बाटली घेऊन आली.

"ते काय आहे? ते काय आहे तिच्या हातात?"

"खोबरेल. आई पाठ चोळून देते म्हणते. गावात सगळे तिच्याकडेच यायचे."

"तिला लांब ठेव! मी ट्रिब्युनलला सांगेन, सांगेन मी की मला इथे..."

"काय सांगाल? म्हातारीने तेल लावलं?"

लेसीएलीला इंग्रजी शब्दाशब्दाने कळत नव्हतं, पण सूर कळत होता. तिने टोंगनमध्ये लेकीला विचारलं, "हा इतका का ओरडतो? भूक लागली असेल."

"भूक नाही, आई. याचा स्वभावच तसा आहे."

"स्वभाव भुकेनेच बिघडतो," लेसीएली म्हणाली आणि पुन्हा पानं निवडायला बसली. नारळाच्या दुधात मटणाचे तुकडे कालवून ती एकेका पानात गुंडाळू लागली. टकवेलच्या डोक्यापासून तिची अनवाणी पावलं वीतभर अंतरावर होती.

तेवढ्यात ओट्यावर ठेवलेला टकवेलचा फोन वाजला. पडद्यावर नाव आलं: रोवेना.

"उचलू नकोस!" टकवेल इतक्या जोरात म्हणाला की त्याची पाठ पुन्हा आखडली. "आई गं... उचलू नकोस."

"कोण रोवेना?"

"कोणी नाही."

"कोणी नाही तर घामाघूम का झालात?"

फोन वाजून वाजून थांबला.  मग, जणू छतालाच सांगतोय असं, तो म्हणाला, "मुलगी आहे. मागच्या वेळी शिडीवरून पडलो, तेव्हा तिने सांगितलंय. पुन्हा असं काही झालं तर सगळी घरं ती बघणार, आणि मला म्हाताऱ्यांच्या वसाहतीत ठेवणार. ते दुपारी बिंगो खेळतात ना, तसल्या ठिकाणी."

"बरं होईल. निदान तिथे तुम्हाला भात नाही वाढणार."

तो हसला नाही. तीही नाही.

वेळ जात होता आणि गाडी येत नव्हती. तेलेसियाने डिशवॉशरकडे पाहिलं. ते अर्धं बाहेर, नळ्या लोंबत, मागची धूळ उघडी पडलेलं. नाहीतरी बसून काय करायचं! ती टकवेलच्या पायांवरून पलीकडे गेली आणि सिंकखालचं कपाट उघडलं.

"काय करतेस?"

"तुमचं काम."

"हात लावू नकोस! तू काही बिघडवलंस तर..."

"उठा मग आणि अडवा मला."

त्याने शिवी दिली. ती तिने बसमध्ये रोज ऐकली होती, त्यामुळे तिला तिचं काही वाटलं नाही. कपाटात डोकं घालून ती बघू लागली. डिशवॉशरची करडी नळी मागून येऊन सिंकच्या पाइपाला एका आखूड तोंडावर बसवलेली होती, वर लोखंडी क्लिप. तिने पेटीतून स्क्रू ड्रायव्हर घेतला.

"तो नाही, लहान घे," टकवेल जमिनीवरून म्हणाला.

"लांब राहा म्हणालात ना मघाशी?"

"मोठ्याने क्लिपचा आटा जाईल, मूर्ख बाई."

तिने लहान घेतला, कारण मोठा खरंच बसत नव्हता. क्लिप सैल झाली. नळी ओढून काढली तशी तिच्यातून घाण पाण्याची एक गुळणी तिच्या हातावर आली. तिने नळीचं टोक बादलीत सोडलं, यंत्रात मगाने थोडं स्वच्छ पाणी ओतलं, जमीन पुन्हा एकदा कोरडी आहे ना ते पाहिलं, भिंतीवरचं बटण चालू केलं आणि यंत्राला फक्त पाणी काढायला लावलं.

यंत्र गुरगुरलं. मग नळीतून पाण्याचा असा जाड लोट आला की बादली थरथरली. राखाडी पाणी, फेस, दोन शितं, आणि मग स्वच्छ पाणी. यंत्र रिकामं झालं.

 लेसीएलीने एक पान गुंडाळून बाजूला ठेवलं.

"पंप चालतोय," तेलेसिया म्हणाली.

"भात ढिला झाला असेल. मी ओढलं तेव्हा."

"नळी मोकळी आहे. पंप चालतोय. मग पाणी कुठे अडत होतं?"

"मला काय माहीत! मला इथून छताशिवाय काही दिसत नाही. आणि छताला डाग पडलेत तुमच्या धुराचे."

तिने मोबाइलचा दिवा लावला आणि पुन्हा कपाटात शिरली. सिंकच्या पाइपाचं ते आखूड तोंड, जिथून नळी काढली होती, तिथे तिने उजेड पाडला. आत भोक असायला हवं होतं. भोक नव्हतं. पांढऱ्या प्लास्टिकचा एक अखंड, गुळगुळीत पडदा होता, दुकानातून आला तसा कोरा.

तिला कळायला थोडा वेळ लागला. ती पाइपाकडे बघत राहिली. बाकीचे सांधे जुने, पिवळट. हाच तुकडा नवा. आणि मग तिला आठवलं. हिवाळ्यात सिंकखाली गळत होतं, तेव्हा टकवेल असाच एकदा पेटी घेऊन आला होता, बूट घालूनच, आणि खालचा पाइप बदलून गेला होता. त्याच आठवड्यापासून डिशवॉशर तुंबलं होतं. तेव्हा तिला दोन्हींचा संबंध लावायचं सुचलंच नव्हतं. सगळे भाताबद्दल बोलत होते, आणि तिलाही कुठेतरी आत वाटत होतं की आपलंच काही चुकत असेल. रात्री जेवण झालं की ती ताटं आधी हाताने विसळायची, आईलाही विसळायला लावायची. आई विचारायची, मग यंत्र कशाला? त्या सगळ्या रात्रींचा राग तिच्या कानांपर्यंत चढला.

ती पाइपाचा फोटो काढून कपाटातून बाहेर आली, टकवेलच्या डोक्याशी उकिडवी बसली आणि मोबाइल त्याच्या डोळ्यांसमोर धरला.

"हे काय आहे?"

"चष्मा नाही माझा."

तिने चष्मा त्याच्या खिशातून काढला आणि त्याच्या नाकावर बसवला. जरा जास्तच दाबून.

"हे काय आहे, क्लाइव्ह?"

त्याने डोळे बारीक करून पाहिलं. 

"ते... नवीन पाइपाला असतं तसं. ज्यांच्याकडे डिशवॉशर नसतं त्यांच्यासाठी बंद ठेवतात."

"आणि ज्यांच्याकडे असतं?"

"फोडायचं असतं."

"कोणी फोडायचं असतं?"

टकवेलने डोळे मिटले. "बसवणाऱ्याने."

"कोणी बसवला?"

"शितं होती गाळणीत," तो डोळे न उघडता म्हणाला. "होती की नाही?"

तेलेसियाला वाटलं, बादलीतलं पाणी याच्या तोंडावर ओतावं. बादली हाताशीच होती. तिने ती उचललीही. मग मागच्या दाराने बाहेर जाऊन गटारात रिती केली, वाऱ्याने अर्धं पाणी तिच्याच पायांवर आलं, आणि ती आणखी चिडून आत आली. हातोडी घेतली, मोठा स्क्रू ड्रायव्हर पडद्यावर टेकवला आणि ठोकला. एकदा, दोनदा, पुन्हा. प्रत्येक ठोक्याला टकवेल जमिनीवर दचकत होता. पडदा फाटला. तिने कडा खरवडून मोकळ्या केल्या, तुकडा बोटांनी ओढून काढला, नळी परत बसवली, क्लिप आवळली.

"फार आवळू नकोस," टकवेल म्हणाला.

"एक शब्द नको."

"मी फक्त सांगतोय."

"एक शब्द नको म्हटलं!"

बऱ्याच वेळाने तो अगदी वेगळ्या आवाजात म्हणाला, "मला जायचंय."

"कुठे?"

"जायचंय म्हणजे... जायचंय. लघवीला."

तिने इकडेतिकडे पाहिलं. मग आईस्क्रीमचा रिकामा मोठा डबा शोधून आणला, त्याच्या हातात दिला, पांघरूण नीट केलं आणि पाठ फिरवून खिडकीपाशी उभी राहिली. लेसीएलीही न सांगता बाहेर गेली. मागे बराच वेळ काही झालं नाही. नुसता धापा टाकल्याचा आवाज.

"हात पोचत नाही," तो म्हणाला.

खालच्या वळणावरून तिच्याच मार्गाची एक बस वर येत होती, ती दिसेनाशी होईपर्यंत तेलेसिया बघत राहिली. मग वळली, गुडघ्यावर बसली, पांघरुणाखाली डबा सरकवून धरला आणि मान भिंतीकडे फिरवली. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही. डबा न्हाणीघरात रिकामा करून तिने हात धुतले, पुन्हा धुतले. परत आली तेव्हा तिने टॉवेलची घडी करून त्याचं डोकं उचललं आणि खाली सरकवली. डोकं अगदी हलकं होतं. ते इतकं हलकं असेल असं तिला वाटलं नव्हतं, आणि त्याचाही तिला राग आला.

"हे कोणाला सांगू नकोस," तो म्हणाला.

"माझी बस भरून लोक बसलेत ऐकायला," ती म्हणाली.

फोन पुन्हा वाजला. रोवेना.

या वेळी तेलेसियाने तो हातात घेतला. हिरव्या खुणेवर अंगठा धरला आणि टकवेलकडे पाहिलं.

"नको. ऐक. नको."

"फोटो पुसा."

"कसले फोटो?"

"शितांचे. मघाचे. सगळे."

"ही धमकी आहे! याला धमकी म्हणतात!"

"हो. तुम्ही मला हिवाळाभर देत होतात तीच."

फोन वाजत होता. टकवेलचं तोंड उघडत मिटत होतं. "दे इकडे," तो शेवटी म्हणाला, "पुसतो. पण आधी तिला काहीतरी सांग. नाहीतर ती गाडी काढून येईल."

"आधी शब्द द्या."

"दिला! दिला शब्द! उचल!"

तिने फोन कानाला लावला. पलीकडून गोड, काळजीने ओथंबलेला आवाज आला. बाबा फोन घेत नाहीत, बाबा तिकडेच आहेत ना?

"इथेच आहेत," तेलेसिया म्हणाली. "डिशवॉशरपाशी. आत्ता उठता येत नाहीये त्यांना. झालं की करतील."

यातला एक शब्दही खोटा नव्हता. तिने फोन टकवेलच्या छातीवर ठेवला. तो फोटो पुसत असताना ती वर उभी राहून एकेक मोजून घेत होती.

"तो कोपऱ्यातला राहिला."

"दिसतोय मला."

अंधारायच्या सुमारास गाडी आली. तोवर घरभर अळू आणि नारळाचा वास भरला होता. लेसीएलीने एक पुडी सोलून, तुकडा फुंकून, टकवेलच्या तोंडाशी नेला होता. त्याने ओठ गच्च मिटले होते. तिने तो तुकडा स्वतः खाल्ला आणि पुन्हा दुसरा नेला. तिसऱ्याला त्याने तोंड उघडलं. कसा लागला ते तो बोलला नाही.

गाडीबरोबर आलेल्या दोघांनी त्याला सुई दिली, फळीवर बांधलं, उचललं. "तुमच्याजवळ कोण होतं इतका वेळ?" त्यातल्या बाईने विचारलं.

"भाडेकरू," टकवेल म्हणाला. दारातून बाहेर नेताना त्याने मान वळवायचा प्रयत्न केला. तेलेसियाला वाटलं, आता काहीतरी बोलेल.

"माझी पेटी," तो म्हणाला. "स्क्रू ड्रायव्हर मोजून ठेव."

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. तेलेसियाने यंत्र ढकलून जागेवर बसवलं, गाळणी आणि जाळी लावली, दिवसभराची भांडी भरली आणि चालू केलं. शेवटी पाणी खळखळत सिंकच्या पाइपातून निघून गेलं. ते ऐकताना तिला जितका आनंद व्हायला हवा होता तितका झाला नाही. ती दमली होती.

दवाखान्यातून रोवेनाला कळायचं ते कळलंच. आठवडाभराने ती टीटाही बेला आली. दारात बूट काढले, मोज्यांनी आत आली, लेसीएलीच्या हातात लिंबाचा केक दिला. पन्नाशीची, नीटनेटकी बाई. तेलेसियाचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाली, "तुम्ही बाबांसाठी जे केलंत ना, ते मी जन्मात विसरणार नाही."

मग तिने घर हिंडून पाहिलं. किती छान ठेवलंय, म्हणाली. पडदे किती सुंदर, म्हणाली. आणि चहा अर्धा पिऊन झाल्यावर त्याच आवाजात म्हणाली, की बाबांना आता हे सगळं झेपत नाही, हे घर विकायचं ठरलंय, रीतसर कागद येईलच, पण म्हटलं आपण होऊन सांगावं.

 टकवेल ओरडला असता तर तीही ओरडली असती. पण समोर केक होता आणि बाई हसत होती. रोवेना गेल्यावर ती तशीच खुर्चीत बसून राहिली. आई विचारत होती, भली बाई वाटते, काय म्हणाली? तिला सांगवेना.

दुसऱ्या दिवशी बसच्या फेऱ्या संपल्यावर तिने डेपोतूनच टकवेलला फोन लावला.

"मी घर विकतोय म्हणे," ती काही बोलायच्या आत तोच गुरकावला. "कालच रात्री कळलं मला! माझंच घर, आणि मला नर्सच्या देखत सांगतात. तू तिला आत घेतलंसच कशाला?"

"दार वाजवलं तिने! बूट काढले! तुमच्यासारखी घुसली नाही."

"तेच तर! बूट काढणाऱ्यांपासून सांभाळून राहायला हवं, एवढं कळत नाही तुला?"

"आम्हाला कळून काय उपयोग? घर तुमचं. मी आईला घेऊन कुठे जाऊ ते सांगा. एवढ्या वर्षांत एकदा भाडं उशिरा दिलंय? एकदा?"

"भिंतीला खिळे ठोकलेत तुम्ही. बैठकीच्या खोलीत."

"काढते खिळे! जाताना सगळे काढते, भोकं बुजवते, आणि तुमच्या..."

फोन कट झाला. तेलेसिया डेपोच्या आवारात मोठ्याने टोंगनमध्ये बोलली. तिथे उभ्या असलेल्या दोन ड्रायव्हरांना ते कळत होतं, त्यांनी माना खाली घातल्या.

त्यानंतर काही दिवस कुणीच काही कळवलं नाही. तेलेसिया सुट्टीच्या दिवशी घरं बघत हिंडली. जी परवडत होती ती ओली होती. जी कोरडी होती तिथे म्हातारीला पायऱ्या चढवल्या नसत्या. घरी ती आईवर उगाच ओरडली, मग तिची क्षमा मागितली.

रविवारी प्रार्थनेहून परत येऊन ती कपडे बदलत होती, तेव्हा फोन वाजला. टकवेल.

"विकत नाहीये," तो म्हणाला. नमस्कार नाही, काही नाही.

"काय?"

"घर. विकत नाहीये मी. वकिलाला बोलावलं होतं इथे, माझ्या खाटेशी. मी जिवंत आहे तोवर माझी सही लागते, आणि मी करणार नाही. रोवेना रडली. रडू दे."

"म्हणजे आम्ही राहायचं?"

"इंग्रजीतच बोलतोय ना मी?"

"का पण?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"का म्हणजे काय? माझ्या घरात कोणी राहायचं ते मी ठरवतो. ती कोण ठरवणारी? तुमच्यावर उपकार करतोय असं समजू नकोस. आणि कुंपणाची मागची फळी निघालीय, ती मी..." तो थांबला. मागे कुठेतरी भांड्यांचा आणि टीव्हीचा आवाज येत होता. "कोणी येईल. कारागीर. मी पाठवतो."

"पैसे घेतो तो," तेलेसिया म्हणाली.

"माहीत आहे मला!" टकवेल ओरडला आणि त्याने फोन ठेवून दिला.

लेसीएली दारात उभी होती, डोक्यावरची रविवारची टोपी अजून तशीच. "कोण होतं? इतकं जोरात कोण बोलत होतं?"

"घरमालक."

"काय म्हणाला?"

"ओरडला माझ्यावर. नेहमीसारखा."

"मग रडतेस कशाला, पोरी?"

तेलेसियाने पालथ्या हाताने डोळे पुसले. "रडत नाही, आई. टोपी काढ आणि बस. आपण इथेच राहतोय."